घरातील विमान-मॉडेलची कार्यशाळा : बंद गॅलरी की बेडरूमची भिंत?

डोंबिवलीचा ग्लायडर

नमस्कार. महाविद्यालयात असताना एनसीसीच्या हवाई विभागात बाल्सा या हलक्या लाकडाचे हातफेकीचे ग्लायडर करायला शिकलो होतो. त्यानंतरची २३ वर्षे नोकरीत आणि लोकलमध्ये गेली. आता मुलगा नववीत आहे आणि त्याच्या निमित्ताने पॉलिश पेपर पुन्हा हातात आला आहे. आम्ही दोघे मिळून १.२ मीटर पंखविस्ताराचे, विजेच्या मोटरवर उडणारे, पंख वर असलेले शिकाऊ विमान बाल्सात बांधत आहोत.

आजवरचे सगळे काम जेवणाच्या टेबलावर झाले आणि त्याचे फळही मिळाले. डाव्या पंखाचा सांगाडा टाचण्या काढून उचलला तेव्हा बरा दिसत होता, पण दुसऱ्या दिवशी फरशीवर ठेवला तर टोकाकडची ट्रेलिंग एज, म्हणजे पंखाची मागची कड, फरशीपासून ३ मिलिमीटर वर राहिली. उजवा पंख मात्र सरळ आहे. शिवाय रोज रात्री पाने मांडण्याआधी सर्व आवरावे लागते आणि परवा त्या आवराआवरीत एक रिब, म्हणजे पंखाची आडवी फासळी, आराखड्याच्या कागदाला चिकटून कागदासकट निघून आली. तेव्हा कायमच्या जागेचा प्रस्ताव घरात मांडला आणि तो अटींसह मंजूर झाला.

पर्याय दोन आहेत. पहिला म्हणजे ९ फूट बाय ४ फूट अशी सरकत्या खिडक्यांची बंद गॅलरी. ती पश्चिमेकडे उघडते, दुपारनंतर तेथे कडक ऊन असते, पावसाळ्यात खिडकीच्या फटींतून झड येते, आणि एका कोपऱ्यात कपडे धुण्याचे यंत्र आहे. दुसरा म्हणजे बेडरूममधील कपाटाशेजारची ६ फुटांची मोकळी भिंत. अट अशी आहे की आईला दमा असल्याने लाकडाचा भुसा आणि डिंकाचा वास घरात फिरता कामा नये. टेबल, दिवा आणि हत्यारे धरून १५,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. मला विशेषकरून जाणून घ्यायचे आहे ते हे की टेबल किती लांब आणि कशाचे असावे, बॅटरी कोठे चार्ज करावी, आणि या दोन जागांपैकी कोणती निवडावी.

टूलरूममधून निवृत्त

आपला पंख का पिळला हे आधी पाहू, कारण टेबल कसे हवे याचे उत्तर त्यातच आहे. शिकाऊ विमानाच्या पंखाची रुंदी २०० मिलिमीटरच्या आसपास धरली, तर ३ मिलिमीटरचा उचल म्हणजे जवळजवळ पाऊण ते एक अंशाचा पीळ झाला. तेवढाच पीळ दोन्ही टोकांना सारखा असता तर बिघडले नसते. पंखाचे टोक थोडे खाली पाहणारे ठेवणे शिकाऊ विमानात मुद्दामही करतात, कारण मग वेग कमी झाल्यावर टोक आधी कोसळत नाही. पण आपल्याकडे तो एकाच बाजूला आहे, म्हणजे डावा पंख कमी उचलणार आणि विमान सतत डावीकडे कलणार. जेवणाचे टेबल दिसायला सपाट असते, परंतु त्याच्या फळ्या ऋतूप्रमाणे फुगतात आणि चार पायांपैकी एक बहुधा लटका असतो, त्यामुळे कोपर रोवून टाचणी दाबली की पृष्ठभागच किंचित पिळतो. सांगाडा त्या पिळासकट वाळतो.

येथे एक भेद मनात पक्का असू द्यावा. टेबल पातळीत असणे आणि टेबल सपाट असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाण्याची लेव्हल लावून पाय समान करण्यात लोक संध्याकाळ घालवतात. वस्तुतः टेबल घाटाच्या रस्त्यासारखे उतरते असले तरी पंख सरळ निघेल, फक्त तो पृष्ठभाग एका प्रतलात हवा.

स्वस्तात सपाट पृष्ठभाग मिळवायचा तर जुना फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट असलेला दरवाजा, शोधावा. घराचे नूतनीकरण करणारे कंत्राटदार किंवा जुन्या लाकडी सामानाचे दुकानदार यांच्याकडे तो मिळतो. साधारण साडेसहा फूट बाय अडीच फूट हे माप आपल्या भिंतीला जास्त होईल, म्हणून कापून ५ फूट करावे. कापल्यावर आतून पोकळ निघाला तर कापलेल्या कडेला लाकडी पट्टी फेव्हिकॉलने बसवावी. आपल्या पंखाचा अर्धा भाग ६० सेंटिमीटर आहे आणि विमानाचे धड बहुधा ९० सेंटिमीटरच्या आसपास असेल, म्हणून निव्वळ बांधणीला ४ फूटही पुरतात. पाचवा फूट लागतो तो दोन पंख जोडताना, कारण तेव्हा एक पंख फळीवर दाबून ठेवून दुसऱ्याच्या टोकाखाली ठोकळा द्यावा लागतो, आणि एरवी त्या जागेत हत्यारे राहतात.

दरवाजा विकत घेण्याआधी तो पिळलेला नाही ना, हे तेथेच तपासावे. दुकानदार चारही कोपऱ्यांत खिळे ठोकू देणार नाहीत, तेव्हा मुलाला सोबत न्यावे आणि दोघांनी दोन कर्णांवर दोन दोरे ताणून धरावेत. मध्यावर ते एकमेकांना जेमतेम स्पर्श करत असतील तर चारही कोपरे एका प्रतलात आहेत. नंतर खालचा दोरा वर आणि वरचा खाली घेऊन पुन्हा पाहावे. पहिल्या खेपेला वरचा दोरा खालच्याला दाबत असेल तर ती चूक या अदलाबदलीतच उघडी पडते. मधला फुगवटा पाहायला अ‍ॅल्युमिनियमचा सरळ चौकोनी पाइप आडवा ठेवून त्याखालून उजेड येतो का ते पाहावे.

दरवाजा कठीण असतो, त्यात टाचणी शिरत नाही. म्हणून वर फॉल्स सीलिंगला वापरतात ती जिप्सम बोर्डाची साडेबारा मिलिमीटरची शीट टाकावी. टाचणी सहज जाते आणि धरूनही ठेवते. कडा भुगभुगतात, त्यांना पॅकिंगची टेप लावावी. आराखड्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरले की रिब कागदाला चिकटण्याचा प्रसंग पुन्हा येणार नाही. उंची उभ्याने काम करायची असेल तर कोपराच्या थोडी खाली, म्हणजे ३४ ते ३६ इंच, ठेवावी. सूचना एवढीच की कामाच्या वेळी टेबल भिंतीपासून हातभर ओढता आले पाहिजे, कारण पंखाला दोन्ही बाजूंनी हात लागतो.

जागेबाबत माझे मत बेडरूमच्या बाजूने आहे. पश्चिमेच्या उन्हात दरवाजाची एक बाजू तापेल, दुसरी थंड राहील आणि एवढ्या खटपटीने मिळवलेला सपाटपणा एका उन्हाळ्यात जाईल. डावा पंख टाकून देऊ नये. त्यावर फिल्म, म्हणजे इस्त्रीने चिकटणारे आवरणाचे पातळ प्लास्टिक, चढवल्यानंतर उलट्या दिशेला थोडा जास्त पीळ देऊन धरावा, त्या स्थितीत दोन्ही बाजूंच्या फिल्मवर इस्त्री फिरवावी आणि थंड होईपर्यंत सोडू नये. फिल्म आकसून पंखाला नव्या आकारात धरून ठेवते.

सोल्डरताई

वरील प्रतिसादातील टेबल मला मान्य आहे, पण त्या टेबलावर बॅटरी चार्ज करू नका. बाल्सा, प्लास्टिक फिल्म, कागद आणि अ‍ॅसिटोनची बाटली यांच्या मधोमध लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी चार्जिंगला लावलेली मी अनेक घरांत पाहिली आहे.

आपल्या आकाराच्या विमानाला बहुधा २२०० एमएएचची तीन सेलांची बॅटरी लागेल. तिचा नाममात्र व्होल्टेज ११.१ आणि पूर्ण भरल्यावरचा १२.६, म्हणजे दर सेलला ४.२. ती २.२ अँपिअरने, सर्व सेल सारखे भरणारी बॅलन्सची छोटी पिन जोडूनच भरावी. जागा म्हणाल तर गॅलरीची फरशी उत्तम, मात्र ऊन उतरल्यानंतर, आणि धुण्याच्या यंत्रापासून व पडद्यापासून दूर. बॅटरी मातीच्या कुंडीत किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवावी, शेजारी कोरड्या वाळूची बादली असावी, आणि चार्जिंग संपेपर्यंत घरातील एक मोठी व्यक्ती जागी व जवळ असावी. रात्री लावून झोपणे हा प्रकार मोबाइलपुरताच ठेवावा.

गॅलरीत बॅटरी साठवणे मात्र चुकीचे ठरेल. माझी एक बॅटरी रविवारच्या उड्डाणासाठी शनिवारी भरली, रविवारी वारा सुटला म्हणून गेलो नाही, आणि ती तशीच पूर्ण भरलेली एप्रिल-मे महिने खिडकीजवळच्या कप्प्यात राहिली. जूनमध्ये काढली तेव्हा उशीसारखी फुगली होती. लिपो दोन-तीन दिवसांहून अधिक पडून राहणार असेल तर दर सेलला ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवावी. बहुतेक चार्जरमध्ये त्यासाठी स्टोरेज नावाची सोय असते. फुगलेली बॅटरी पुन्हा भरून पाहू नये आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, ती ई-कचऱ्यात द्यावी.

आपल्या गॅलरीत विजेचा एकच पॉइंट असेल आणि त्यावर धुण्याचे यंत्र असेल. तेथे मल्टिप्लग लावून चार्जर, सोल्डरिंग आयर्न आणि दिवा एकत्र चालवण्याऐवजी वायरमनकडून स्वतंत्र पॉइंट काढून घ्यावा. हा खर्च हत्यारांच्या आधी धरावा.

सोल्डरिंगसाठी २५ वॅटची पेन्सिलसारखी सोल्डरिंग आयर्न रेडिओ रिसीव्हरच्या बारीक तारांना ठीक आहे. बॅटरी जोडायचा एक्सटी-६० कनेक्टर आणि जाड बॅटरी वायर यांना ती उष्णता पुरवू शकत नाही, सोल्डर वरवर गोळा होते आणि आत सांधा कोरडाच राहतो. ६० वॅटची, रुंद टोकाची आयर्न घ्यावी. कनेक्टर गरम करताना त्याची जोडीदार बाजू त्यात खोचून ठेवली तर प्लास्टिक मऊ होऊन पिना तिरक्या होत नाहीत. सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते, म्हणून मुलाने काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू नये.

आणि मोटरची फिरण्याची दिशा पाहायची असेल तेव्हा पंखा, म्हणजे प्रोपेलर, काढून ठेवावा. यात सूट नाही. १० इंची प्रोपेलर मिनिटाला ८००० फेरे घेत असेल तर त्याचे टोक ताशी सुमारे ३८० किलोमीटर वेगाने जात असते, आणि आपण ते टेबलावर, चेहऱ्यापासून दोन फुटांवर फिरवत असतो. आमच्याकडे प्रोपेलर भिंतीवरच्या एका खिळ्यावर टांगलेले असतात आणि ते मैदानावर पोहोचल्याशिवाय विमानाला लागत नाहीत.

दिव्याबद्दल एकच सांगते. वरची ट्यूब सावली पुसून टाकते, त्यामुळे ओरखडे दिसत नाहीत. टेबलाच्या कडेला वाकणारा दिवा बसवा आणि घासकाम तपासताना तो अगदी खाली, पृष्ठभागाला समांतर आणा.

मिऱ्यावरून

रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो, म्हणून दमट हवेबद्दल बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे समजून लिहितो. टूलरूमवाल्या काकांचा जिप्सम बोर्ड पुण्यासारख्या कोरड्या हवेत चालत असेल. आमच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात तो मऊ पडला आणि टाचण्या गंजून त्याच्यातच राहिल्या. डोंबिवलीही खाडीकाठीच आहे. नोटीस बोर्डाला वापरतात तो सॉफ्ट बोर्ड घ्यावा, दरवाजावर कडेने स्क्रूने बसवावा आणि खराब झाला की बदलावा.

आईंच्या दम्याचा विचार केला तर काम दोन जागी विभागणे भाग आहे. कापणे, टाचणे आणि जोडणे बेडरूममध्ये व्हावे, घासणे मात्र गॅलरीतच व्हावे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आपली गॅलरी पश्चिमेला आहे आणि दुपारी वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडूनच येतो. खिडक्या उघडून दुपारी घासायला बसलात तर बाल्साचा सगळा पीठासारखा भुसा सरळ आईंच्या खोलीत जाईल. सकाळी लवकर वारा पडलेला असतो किंवा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. घासकाम त्या वेळी करावे, गॅलरीचे दार लावून घ्यावे आणि मास्क लावावा. नंतर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. फडके बाहेरच धुवावे.

सुपरग्लूचा धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो, तेव्हा घरात सांगाडा जोडायला फेव्हिकॉल वापरावे आणि वेळ जास्त लागतो म्हणून कुरकुरू नये. टाचण्यांखाली रात्रभर राहिलेला पंख सरळही निघतो. सुपरग्लू गॅलरीत, तोही थेंबाथेंबाने. तो सुती कपड्यावर सांडला तर कापड एवढे तापते की कातडी भाजते, म्हणून पुसायला जुनी बनियन घेऊ नये. थर्मोकोलला साधा सुपरग्लू लावलात तर थर्मोकोल विरघळतो, हेही मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो स्वतः करून पाहील. मी पाहिले होते.

बाल्सा घेताना आणि ठेवताना स्वयंपाकघरातील वजनकाटा कामाला येतो. ३ मिलिमीटर जाडीची, १०० मिलिमीटर रुंद आणि ९१५ मिलिमीटर लांब अशी एकाच मापाची फळी हलक्या बाल्साची असली तर २७ ग्रॅमच्या आसपास भरते आणि जड असली तर ५५ ग्रॅमपर्यंत जाते. प्रत्येक फळीवर पेन्सिलने वजन लिहावे. हलकी शेपटीकडे आणि पंखाच्या टोकांकडे, जड स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य पट्टीसाठी. पावसाळ्यात तीच फळी दोन-तीन ग्रॅम जास्त दाखवते, ते अर्थातच पाणी असते. अशा ओलसर सांगाड्यावर जुलैत फिल्म चढवली की दिवाळीनंतर लाकूड आकसते आणि फिल्म सैल पडून सुरकुत्या येतात. मी पावसाळ्यात फक्त बांधणी करतो आणि फिल्मचे काम ऑक्टोबरच्या उन्हावर ठेवतो.

फळ्या उभ्या टेकवून ठेवू नयेत, त्या वाकतात. कपाटाच्या वर आडव्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. पुड्या ओल्या झाल्या की फोडून दाणे तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. हत्यारांच्या कपाटात जुन्या तारेचा १५ वॅटचा बल्ब लावायची आमच्याकडे पद्धत आहे. एलईडीने ते काम होत नाही, कारण आपल्याला उजेड नको असतो, ऊब हवी असते.

हत्यारांवर फार पैसे घालू नयेत. औषधाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या सामानाच्या दुकानात ३ नंबरचे हँडल आणि ११ नंबरची पाती मागावीत. बाल्सासाठी त्याहून चांगली सुरी मला मिळालेली नाही. पाते बोथट झाल्याची खूण म्हणजे बाल्सा कापला न जाता चिरडतो. तेव्हा लगेच बदलावे, आणि जुनी पाती गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकून डबी टेप लावून बंद करावी. त्याशिवाय पोलादी पट्टी, सुताराचा छोटा गुण्या, एक लहान रंधा, आणि सरळ अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपाला चिकटवलेला १२० व २४० नंबरचा पॉलिश पेपर एवढ्यावर पहिले विमान पूर्ण होते. रोटरी यंत्र मी सात वर्षांनी घेतले आणि ते बहुतेक वेळ पेटीतच असते.

डोंबिवलीचा ग्लायडर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण त्या काळात बरेच काही मार्गी लागले. कल्याणला एका जुन्या सामानाच्या गोदामात फ्लश डोअर मिळाला. आम्ही दोघांनी दोरे ताणले तेव्हा दुकानदाराने पतंग उडवणार का म्हणून विचारले. पहिले दोन दरवाजे दोऱ्यांनी नापास केले, तिसरा घेतला. वर सॉफ्ट बोर्ड बसवला. बेडरूममध्ये बांधणी, गॅलरीत सकाळी ७ ते ८ घासकाम आणि संध्याकाळी चार्जिंग, अशी वाटणी ठरली आहे. वायरमनने वेगळा पॉइंट काढून दिला, आणि वाळूच्या बादलीत आईने कोथिंबीर पेरू नये म्हणून तिच्यावर सूचना लिहिली आहे. डाव्या पंखाचा पीळ फिल्मच्या वेळी काढणार आहे, म्हणजे ऑक्टोबरमध्ये.

एक अडचण उरली आहे. टेबल घोडीवर चढवल्यावर काल पुन्हा दोरे लावले, तर दोन्ही कर्णांचे दोरे मध्यावर २ मिलिमीटर अंतर दाखवतात. गोदामात फरशीवर हाच दरवाजा बरोबर होता.

टूलरूममधून निवृत्त

दरवाजा ठीक आहे, आपली घोडी पिळलेली आहे आणि दरवाजा स्वतःच्या वजनाने तिच्यावर बसतो आहे. ज्या कोपऱ्यात तो खाली गेला आहे त्या कोपऱ्यात घोडी आणि दरवाजा यांच्यामध्ये पत्र्याच्या पट्ट्या एकेक करून सरकवा आणि प्रत्येक पट्टीनंतर दोरे पाहा. दोन्ही अदलाबदलीत स्पर्श जुळला की मगच स्क्रू आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा पाहा, कारण स्क्रूही ओढतो.